बसऱ्याची दुर्बीण

शांतवन, तुझ्यासाठी चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना होती, त्या दिवशी मी दुसऱ्या बाकावर बसून तुझ्यावर जळत होतो. आता तू नाहीस, तेव्हा लपवून तरी काय करायचं? शाळेतले आपले सगळे मास्तर आले होते, तुझ्या मंडळीतले लोक होते, ते अपेक्षितच होतं. पण मागच्या बाकांवर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्या? एक नेवाशाकडची, दोघी शेवगावकडच्या, आणि अकोल्याच्या डोंगरातून दोन एसट्या बदलून आलेली सगुणाबाई. देवळात काढाव्यात तशा त्यांनी वहाणा पायरीखाली काढल्या होत्या. गाण्याला सगळे उठले की त्याही घाईघाईने उठायच्या आणि खाली बसायचं कधी ते न कळून उभ्याच राहायच्या. या बायकांच्या घरी मीही तुझ्याबरोबर गेलो होतो की नाही? त्यांच्या भाकरी मीही खाल्ल्या की नाही? मग त्यांनी मला नुसता नमस्कार केला आणि रूथवहिनींच्या गळ्यात पडून त्या रडल्या. मी मेल्यावर यातली कोण येईल, याचा विचार मी प्रार्थना संपेपर्यंत करत होतो. एकीचंही नाव खात्रीनं पुढे येईना.

तू असतास तर म्हणाला असतास, "माधवा, निदान आज तरी माझं दुःख कर की लेका." करत होतो रे. दोन्ही एकदमच चाललं होतं.

आपल्या या नादाची सुरुवात मी केली होती, हे तू कधी नाकारलं नाहीस, पण लोक विसरले. भिंगारच्या भंगारवाल्याकडून पहिली संगीन मी आणली. लढाईत गेलेल्या माणसांच्या वस्तू जमवायच्या, त्या कुठल्या पलटणीच्या, कुठल्या साली घडवलेल्या, हे शोधायचं, ही कल्पना माझी. मी इतिहास शिकवणारा माणूस. तू चित्रकलेचा मास्तर, तू आलास ते संगिनीच्या मुठीचं चित्र काढायला म्हणून. आणि खंडेनवमीची युक्तीही माझीच. आपल्या जिल्ह्यातली शेतकरी घरं वर्षभर अशा वस्तू पेटीच्या तळाशी, माळ्यावर, कणगीच्या मागे टाकून ठेवतात. विचारायला गेलं तर "आमच्याकडं काय न्हाई" म्हणतात, कारण सरकारी माणूस जप्तीला आला असं त्यांना वाटतं. पण खंडेनवमीला घरातलं झाडून सारं लोखंड पूजेला बाहेर येतं. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्याच रांगेत हळदकुंकू लावून आज्याची संगीन. त्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. म्हणून दरवर्षी त्या एका दिवशी आपण गावं करायचो.

घरात शिरल्यावर मात्र आपल्या वाटा वेगळ्या व्हायच्या. मला आत देवघरापर्यंत नेत. तू ख्रिस्ती आहेस असं कळलं की पुष्कळ घरांत तुझी चटई ओसरीवरच पडायची. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणायचास, "तू जा आत. मी इथंच बरा." आणि खांबाला पाठ टेकून बसायचास. मी आत वस्तू हातात घेऊन शिक्का शोधत असायचो, भिंगातून अक्षरं लावत असायचो. बाहेर यायचो तर घरातली म्हातारी तुझ्यापुढं बसलेली, सुपातलं धान्य तसंच राहिलेलं, आणि तिच्या डोळ्यांना पाणी. ज्यांनी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्यांनी स्वतःच्या मनातलं सगळं तुझ्यापुढं आणून ओतलं. हे तुला कधी लागलं का, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा एवढंच दिसायचं की वस्तू मी पाहिली आणि गोष्ट तू घेऊन चाललास.

सगुणाबाईच्या लोखंडी टोपीचंच घे. तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला, परत आला नाही. पलटणीतल्या कुणा सोबत्यानं ती टोपी आणून दिली. टोपीला टाळूवर भोक. घरचे सांगतात, गोळी इथून शिरली. मी टोपी उलटी करून पाहिली. भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. म्हणजे आतून ठोकून पाडलेलं भोक, आणि तेही लोहाराच्या भोकं पाडायच्या पोगरानं. मी तसं तिच्या लेकाला तिथल्या तिथं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. ओसरीवरून तुझं खोकणं ऐकू आलं, ते खोटं खोकणं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं.

परत येताना एसटीत मी फुशारकीत होतो. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "भोक तिनंच पाडून घेतलं."

"म्हणजे माझंच बरोबर."

"तुझं बरोबर. पण का पाडलं, विचारशील?"

मग तू सांगितलंस. नवरा गेल्यावर घरात टोपीचा वापर सुरू झाला. दिरानं तिच्यात बैलाला पेंड भिजवली, जावेनं कोंबडी बसवली. सगुणाबाईला बोलता येईना. ती टोपी घेऊन लोहाराकडे गेली आणि म्हणाली, हिच्यात पाणी राहाता कामा नये, दाणा राहाता कामा नये. त्यानं भोक पाडून दिलं. घरी येऊन तिनं सांगितलं, भोक आधीपासून होतं, गोळीचं आहे, तुम्ही नीट पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ती टोपी कोणी वापरली नाही.

भोक कोणत्या बाजूनं पाडलं ते मी ओळखलं होतं रे, तेही भिंगाशिवाय. पण त्या माहितीला आता कोण विचारतो? पुढच्या वर्षी सगुणाबाईनं ती टोपी तुला दिली. मला नाही, तुला. "तुमच्याकडं नीट राहील," म्हणाली. माझ्याकडं काय गंजली असती?

आणि ते नेवाशाचं घर आठव. तिथं पहिल्या युद्धाचं चांदीचं पदक असल्याचं मला खात्रीनं कळलं होतं. त्याच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं, पलटण असते. मी त्या पदकासाठी वर्षभर जीव टाकला होता. गेलो तर त्यांनी ते सोनाराकडे देऊन म्हाताऱ्याचा टाक घडवून घेतलेला! देवघरात खंडोबाच्या शेजारी हाताच्या अंगठ्याएवढा घोड्यावर बसलेला आजोबा. आजोबा पायदळात होता. मी कपाळावर हात मारून बाहेर आलो आणि म्हणालो, "वितळवलं रे पदक!" तू म्हणालास, "वितळवलं कुठं? देवांत नेऊन बसवलं." ते वाक्य त्या घरातल्या सुनेनं ऐकलं आणि तुझ्यासाठी खास गुळाचा चहा आला. मला तोच चहा, पण तुझ्यामागून.

गेल्या डिसेंबरातल्या लढाईनंतर तर तू चेकाळलाच होतास. शेवगावच्या अलीकडचा तो जवान सुट्टीवर आला, पाकिस्तानी पाण्याची बाटली घेऊन. खंडेनवमीची वाट न बघता आपण प्रथम गेलो तेव्हा त्यानं ती रस्त्याच्या कडेला सापडली म्हणून सांगितलं. संक्रांतीला गेलो तेव्हा ती एका सुभेदाराच्या कमरेची झाली होती. शिमग्याला त्या सुभेदाराचा मेजर झाला आणि आमच्या जवानानं त्याला स्वतः पकडलेला. मी संतापलो. डोळ्यांदेखत खोटं घडताना पाहायचं म्हणजे काय! तू मात्र खूश. "अजून ओली आहे रे गोष्ट. हात लावू नको, वाळू दे." आपण त्यावरून शेवगावच्या स्टँडवर केवढ्यानं भांडलो. मी म्हणालो, तुझ्यासारख्या लोकांमुळेच या देशाला इतिहास नाही. तू म्हणालास, "आणि तुझ्यासारख्यांमुळे त्याला गोष्टी सांगणाऱ्या आज्या नाहीत." ते भांडण अजून तसंच पडून आहे. माझं उत्तर मला नंतर सुचलं, चांगलं उत्तर होतं. आता ते कुणाला देऊ?

पण हे सगळं मी गिळलं असतं. दुनियेच्या म्हाताऱ्या तुला लाभल्या, लाभू देत. माझी आई तू का घेतलीस?

आमच्या घरची दुर्बीण. चामड्याच्या डबीतली, एका काचेला चीर गेलेली. माझे वडील पहिल्या युद्धात बसऱ्याला होते आणि तिथं त्यांनी एका तुर्की अंमलदाराच्या गळ्यातून ती हिसकावून घेतली, हे मी पाळण्यापासून ऐकत आलो. चार पोरांत माझी ऐट त्या दुर्बिणीवर होती. मग मोठा झालो, शिक्के वाचायला शिकलो, आणि एके दिवशी भिंगाजवळच्या पितळेवर मला इंग्रज सरकारी मालावर असतो तो बाणाचा शिक्का दिसला. तुर्काच्या गळ्यात इंग्रज सरकारची दुर्बीण कुठून येणार? येऊ शकते, आधी त्यानं कुणा इंग्रजाची हिसकावली असेल तर. किंवा वडिलांनी ती बसऱ्याच्या बाजारात घेतली असेल. किंवा आपल्याच कुणा साहेबाच्या तंबूतून उचलली असेल. ते मी लहान असतानाच गेले, त्यांना विचारता आलं नाही. आईला विचारायचो. ती "बसऱ्याला असताना तुझे वडील" इथपर्यंत यायची, मी म्हणायचो, "पण आई, शिक्का इंग्रजांचा आहे." ती काहीतरी कामाला उठायची.

मग आपल्या नादाच्या पहिल्याच वर्षी तुला मी गावी नेलं. आईनं ओसरीवर चटई टाकली, तीही त्यातलीच. मी वाट्याच्या ज्वारीचा हिशेब बघायला शेतावर गेलो. परत आलो तर आई तुझ्या शेजारी, त्याच चटईच्या टोकावर बसलेली, आणि दुर्बीण तुमच्या दोघांच्या मध्ये. माझी चाहूल लागताच ती उठली. तिच्या चेहऱ्यावर मी कधीही न पाहिलेलं काहीतरी होतं, लाजल्यासारखं. सत्तरीच्या बाईच्या.

"काय म्हणाली?" मी वाटेत विचारलं.

"बोललो असंच."

"दुर्बिणीचं?"

"दुर्बिणीचंही."

"मग सांग की!"

"आईंनी मला सांगितलंय, माधवा. तुला सांगायचं तर त्या सांगतील."

ती सांगणार कधी? पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. त्यानंतर मी तुला कितीदा विचारलं असेल. गोडीनं विचारलं, भांडून विचारलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांचे पडदे बांधताना शिडीवर उभं राहून विचारलं. सगुणाबाईचं गुपित तू मला एसटीत सांगितलंस, नेवाशाचं, शेवगावचं, सगळ्या मुलखाचं सांगितलंस. माझ्या घरचं तेवढं नाही. मी तुझ्याशी दिवाळीभर बोललो नव्हतो ते याच्यासाठी, हे तुला माहीत होतं. तू रूथवहिनींबरोबर फराळाचा डबा पाठवलास. मी तो खाल्ला आणि तरीही बोललो नाही.

श्रावणात तू दवाखान्यात पडलास. छातीत कळ आली होती, पण बसून हसत होतास, आणि मला वाटलं आठ दिवसांत घरी येशील. म्हणून मी पुन्हा विचारलं. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "या खंडेनवमीला सगुणाबाईकडे जाऊ. तिथं सांगतो." मी म्हणालो, "तिथंच कशाला?" तू डोळे मिटलेस. झोप आली असेल म्हणून मी उठलो.

माझ्या बापाची गोष्ट घेऊन तू गेलास, शांतवन. चर्चमध्ये बसून मी जळत होतो तो याच्यासाठी. सगळे म्हणत होते, केवढा माणूस गेला. माझ्या मनात होतं, माझं काय काय घेऊन गेला. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं मला झालं होतं, आणि हे त्या गर्दीत कुणाला सांगायची सोय नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी रूथवहिनींनी मला बोलावलं. तुझा सगळा संग्रह मी न्यावा असं तू सांगून ठेवलं होतंस म्हणे. मी त्यांनाही विचारलं. सोडतोय कशाला! त्या म्हणाल्या, "मला नाही सांगितलं, भाऊजी. एकदा नुसतं म्हणाले, माधवाला सांगितली तर तो तिचा शिक्का शोधील." मला राग आला. मी शिक्के शोधतो तो काय गुन्हा आहे? शिक्का होता तो होता. मी टोपी, संगिनी, बटणांची पेटी टांग्यात घातली आणि घरी आणली. आयुष्यभर ज्यांचा हेवा केला त्या वस्तू आता माझ्या कपाटात होत्या. दोन दिवस मी त्या पुसल्या, लावल्या, पुन्हा लावल्या. मग कपाट बंद केलं. त्यांच्याविषयी जे सांगायचं ते सगळं तू सांगायचास.

परवा खंडेनवमी झाली. जाणार नव्हतो. पण सगुणाबाईची टोपी पूजेशिवाय राहील, या सबबीवर निघालो. पिशवीत टोपी घेतली आणि का कोण जाणे, दुर्बीणही घेतली. यंदा पावसानं तोंड फिरवलंय, रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. झेंडूही कुठं दिसेना. शेजारची जागा मी पिशवी ठेवून अडवली होती. संगमनेरला एक बाई बसायला आली तेव्हा नाइलाजानं पिशवी मांडीवर घेतली.

सगुणाबाईनं टोपी दोन्ही हातांनी घेतली, विळ्या-कुऱ्हाडींच्या शेजारी मांडली, हळद लावली. झेंडू नव्हता म्हणून तुरीचा फुलोरा वाहिला. मग मला म्हणाली, "या मास्तर, आत या. बसा."

"मी इथंच बरा," मी म्हणालो. तोंडातून गेलं. तुझ्या खांबाला पाठ टेकून बसलो. तो खांब बोचतो, शांतवन. मधोमध गाठ आहे. इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीस.

ती समोर बसली. मग तिची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या चामड्याच्या डबीकडे गेली.

"ही ती बसऱ्याची व्हय?" ती म्हणाली.

मी चमकलो. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"घ्या! शांतवन मास्तर पयल्यांदा आलं तवा त्यांनी आमाला काय इचारलंच न्हाई. आदी त्यांनी तुमच्या आईची गोष्ट सांगितली. मंग माझं मला बोलावंसं वाटलं. तुमी आत हुता. सगळ्या गावांनी ते असंच करायचं, ती नेवाशाची म्हातारी म्हनत हुती की चर्चात."

शांतवन, मी डबी पिशवीतून ओढून मांडीवर घेतली. मी म्हणालो, "मला सांगा."

"तुमाला न्हाई ठाव?"

"तुमच्या तोंडून ऐकतो."

आणि तिनं सांगितली. बसऱ्याचं तिनं एका वाक्यात उरकलं, लढाईत मिळाली म्हणून. तुर्क नाही, हिसकणं नाही. मग म्हणाली, "तुमच्या आईचं माहेर नदीपल्याड, लांब. सणावाराला जायची, गाडीनं परत यायची. यायच्या दिवशी तुमचं वडील दुपारपास्नं घराच्या धाब्यावर चढून बसायचं, ही दुर्बीन लावून. लांब माळावर गाडी दिसली की खाली उतरायचं आन चूल पेटवायचं. गडी मानूस! बाई दारात पोचायची तर न्हानीत पानी कढत. सासू देवळातनं यायच्या आत ते चुलीम्होरनं उठलेलं असायचं. कुनाला कळलं न्हाई. तुमच्या आईला वाटायचं, ह्यास्नी कसं कळतं मी कवा येनार. लई वर्सांनी एकदा तिनं गाडीतनं वर बघितलं, तर धाब्यावर काच चमकली."

ती हसली. "सासू गेली तरी तिनं कुनाला सांगितलं न्हाई म्हनं. लेकाला असलं कसं सांगायचं?"

मी दुर्बीण डबीतून काढली. वडिलांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. मला ते गळ्यातून हिसकावणारेच माहीत होते. आई चटईच्या टोकावर का लाजली होती, ते मला अकोल्याच्या डोंगरात, एका परक्या बाईच्या ओसरीवर कळलं. आणि तू त्या ओसरीवर, आणि दुसऱ्या कितीतरी ओसऱ्यांवर, मी आत शिक्के वाचत असताना बाहेर बसून माझ्या आईबापांची गोष्ट सांगत होतास. तुला ज्या गोष्टी मिळाल्या त्या माझ्या घरच्या गोष्टीच्या बदल्यात मिळाल्या. मी तुझा हेवा केला तो माझ्याच मालाचा केला की रे, चोरा!

आणि तरी सांगतो, अजूनही जळतो. आईनं ती तुला सांगितली.

सगुणाबाई दुर्बिणीकडे बघत होती. तिनं विचारलं, "खरी हाय ना वो ती, मास्तर? का शांतवन मास्तरांनी आमाला बोलतं करायला रचली?"

माझा अंगठा भिंगाजवळच्या पितळेवर होता, बाणाच्या बरोबर वर. तो मी तिथंच ठेवला.

"व्हय," मी म्हणालो. "खरी हाय."